'कुबी' म्हणजे मान की डोकं? कांजीबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, पुण्यात जपानीचा क्लास लावलाय, एन-फोर या जपानीच्या परीक्षेची तयारी चालू आहे आणि एका कांजीपाशी (म्हणजे जपानीत वापरतात त्या चिनी अक्षरापाशी) गाडी अडलीये. वर दोन शिंगं, खाली आडवी रेघ, त्याखाली आत रेघा असलेला उभा चौकोन, एकूण ९ स्ट्रोक. वाचायचं 'कुबी', अर्थ मान. इथवर ठीक. पण मावसबहीण चिनी शिकते, ती म्हणते हे तर 'शोउ', अर्थ डोकं, मानेला ते लोक वेगळंच काहीतरी म्हणतात. आणि बघायला गेलं तर जपानीतही 'शुतो' म्हणजे राजधानी, 'शुशो' म्हणजे पंतप्रधान, दोन्हीत हीच कांजी, तिथे मानेचा काय संबंध? राजधानीला कोरियनमध्ये 'सुदो', व्हिएतनामीत 'थू दो', मूळ अक्षर तेच. मग जपान्यांनी मानेला हेच का चिकटवलं?

दुसरा घोळ ऐकताना होतो. हाताची कांजीपण 'शु'! 'शुजुत्सु' म्हणजे ऑपरेशन, त्यातला शु हाताचा. चिनीत पण दोन्ही 'शोउ', टोनसुद्धा तोच तिसरा, कोरियनमध्ये दोन्ही 'सु'. वैताग आहे नुसता. आणि मनगट म्हणजे 'तेकुबी', त्यात हात आणि हे अक्षर शेजारी शेजारी, पण तिथे कुणी 'शुशु' म्हणत नाही. कुठे काय वाचायचं कसं ठरवता तुम्ही लोक?

प्रतिसाद १
अहो, आपण मराठीत काय करतो बघा ना. 'खिडकीतून मान बाहेर काढू नको' म्हणतो तेव्हा डोकंही बाहेर जातंच की. 'मान हलवली', 'मान उडवली', यात पण डोकं आलंच. जपानी कुबीचं डिट्टो तसंच, मानेपासून वरचा सगळा भाग धरतात, 'मादो कारा कुबी ओ दासु' म्हणजे हेच खिडकीचं वाक्य. सामुराई शत्रूची कुबी कापून न्यायचे ती काय नुसती मान नव्हे. त्यामुळे चिनी डोक्याचं अक्षर तिथे चपखल बसलं. फक्त मानेचं वेगळं अक्षरही जपानीत आहे, 'केइत्सुई' म्हणजे मानेचे मणके, त्यात दिसेल, पण एन-फोरला त्याच्या नादी लागू नका.

उच्चाराचं म्हणाल तर शरीराचे साधे शब्द बहुतेक देशी, म्हणजे अस्सल जपानी उच्चाराने वाचायचे, म्हणून ते-कुबी, आशि-कुबी (घोटा). राजधानी-पंतप्रधान असले चिनी वळणाचे जोडशब्द आले की शु. ऐकताना नुसता शु पकडायला जाऊ नका, अख्खा शब्द पाठ करा, दुसरा इलाज नाही.

धागाकर्ती
मान हलवणे! हे डोक्यातच नाही आलं. बहिणीला विचारलं, कोरियनमध्ये मनगट 'सोनमोक', तेपण हात अधिक मान, पण अस्सल देशी शब्द, कांजी नाहीच. व्हिएतनामी 'को ताय' पण तसंच म्हणे. आता एकच, 'कुबी नि नारु' म्हणजे नोकरी गेली ना? ऑफिसात कुणाची मान दुखत असेल तर काय विचारायचं, म्हणजे गैरसमज नको.

प्रतिसाद २
'कुबी गा इताई' बिनधास्त म्हणा. 'नि नारु' लावलंत तर मात्र गडबड.