खासदारांच्या मुदतींना मर्यादा असावी का?

प्रश्न : नागरिकशास्त्राचा शिक्षक (सोलापूर जिल्हा)

नमस्कार. मी माध्यमिक शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवतो. आमच्या तालुक्यातल्या सरपंचपदांच्या आरक्षणाची सोडत निघाली, त्याच आठवड्यात आठवीच्या वर्गात संसदेचा पाठ चालू होता. तहसील कार्यालयाच्या सभागृहात एका लहान मुलीने बरणीतून चिठ्ठ्या काढल्या आणि गावोगावची पाच वर्षांची गणिते तासाभरात बदलली. दुसऱ्या दिवशी एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, सरपंचपदाचे आरक्षण दर पाच वर्षांनी फिरते, मग खासदार मात्र कितीही वेळा का उभा राहू शकतो?"

मी नियम सांगितला. लोकसभेसाठी नागरिकत्व आणि वयाची २५ वर्षे पूर्ण असणे आवश्यक आहे, सभागृहाची मुदत पाच वर्षांची आहे आणि किती वेळा निवडून यावे यावर बंधन नाही. पंतप्रधानपदालाही ते नाही. राष्ट्रपतिपदालासुद्धा नाही, डॉ. राजेंद्र प्रसाद १९५० पासून १९६२ पर्यंत त्या पदावर होते आणि त्यांच्यानंतर कोणाला दुसरी मुदत मिळाली नाही, पण तो कायदा नव्हे. उत्तर बरोबर होते, तरी ते देताना माझे समाधान झाले नाही. मी कॉलेजात होतो तेव्हापासून आमच्या भागात लोकसभेची उमेदवारी दोन घराण्यांच्या बाहेर गेलेली मी पाहिलेली नाही. माझ्या विद्यार्थ्यांच्या वडिलांनी आजोबांच्या प्रचाराचे झेंडे लावले आणि आता मुले नातवाच्या प्रचाराचे लावतात.

खासदाराला तीन मुदतींची, म्हणजे साधारण पंधरा वर्षांची मर्यादा घालावी का? ती योग्य नसेल, तर निवडणूक पद्धतीत आधी काय बदलावे? ज्यांनी यातले काही जवळून पाहिले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद १ : माजी ग्रामपंचायत सदस्य (सातारा जिल्हा)

सर, आपल्या विद्यार्थ्याने ज्या सोडतीचे उदाहरण दिले, तशाच प्रभागांच्या सोडतीतून मी ग्रामपंचायतीत गेले. आमचा प्रभाग महिलांसाठी राखीव झाला नसता तर माझे नाव गावात कोणी घेतलेच नसते, हे आधी सांगितले पाहिजे. म्हणून फिरत्या आरक्षणाबद्दल माझ्या मनात कृतज्ञता आहे.

पण पाच वर्षांत माणूस काय शिकतो हेही मी पाहिले. पहिले वर्षभर ग्रामसेवक इतिवृत्त वाचून दाखवीत आणि मी सही करीत असे. दुसऱ्या वर्षी कामाचे अंदाजपत्रक मागून घ्यायला शिकले. तिसऱ्या वर्षी आमच्या वस्तीवर पिण्याच्या पाण्याची पाइपलाइन टाकायला घेतली, तेव्हा मोजमापाच्या वेळी मी स्वतः चरापाशी उभी राहिले. अंदाजपत्रकात खोदाई एक मीटर खोल होती. टेप लावला तेव्हा ती दोन फुटांच्या आसपास भरली. मोजमाप एमबीत, म्हणजे कामाच्या मोजमाप वहीत, चढवण्याआधीच मी हरकत घेतली आणि तेवढा पट्टा पुन्हा खोदावा लागला. पहिल्या वर्षी मला एमबी म्हणजे काय हेही माहीत नव्हते.

पुढच्या निवडणुकीत प्रभाग दुसऱ्या प्रवर्गाकडे गेला आणि माझे काम थांबले. माझ्या जागी आलेली मुलगी हुशार आणि तळमळीची आहे, पण तिने इतिवृत्तापासूनच सुरुवात केली. मधल्या काळात ठेकेदार तोच राहिला. त्याला मुदत नाही, आणि कागद कुठे सरकतो हे त्याला आम्हा सगळ्यांपेक्षा चांगले माहीत आहे. लोकप्रतिनिधी लवकर बदलत राहिला की जो बदलत नाही त्याचे बळ वाढते. संसदेत तर संरक्षण खरेदी, अर्थसंकल्प, स्थायी समित्या असे विषय असतात. तिथे नवख्या माणसाला पाय रोवायलाच एक मुदत जाईल.

शेजारच्या गावांत आणखी एक गोष्ट दिसली. जागा महिलेकडे गेली तेव्हा खुर्चीवर बाई आणि बैठकीत बोलणारा तिचा नवरा, असे अनेक ठिकाणी झाले. कायद्याने माणूस बदलला, सत्ता त्याच घरात राहिली. खासदारांच्या बाबतीतही मला हीच भीती वाटते. मर्यादा घालायचीच असेल तर ती सलग तीन मुदतींची असावी आणि एक मुदत घरी बसल्यानंतर पुन्हा उभे राहण्याची मुभा असावी, असे माझे मत आहे.

प्रतिसाद २ : कोकणातला एक निवृत्त टपाल कर्मचारी

मी मर्यादेच्या विरोधात आहे आणि माझे कारण आमच्या जुन्या राजापूर मतदारसंघात आहे. बॅरिस्टर नाथ पै १९५७ पासून १९७० च्या अखेरीस लोकसभा विसर्जित होईपर्यंत आमचे खासदार होते. १९७१ च्या जानेवारीत त्यांचे निधन झाले. त्यांच्यानंतर प्रा. मधु दंडवते १९७१, १९७७, १९८०, १९८४ आणि १९८९ असे पाच वेळा निवडून आले. कोकणात रेल्वे यावी ही मागणी या दोघांनी संसदेत लावून धरली.

आता आपली मर्यादा या माणसावर लावून पाहा. दोन मुदतींचा नियम असता तर दंडवते १९८० मध्येच बाहेर गेले असते आणि तीन मुदतींचा असता तर १९८४ मध्ये. कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले १९९० साली. तेव्हा ते अर्थमंत्री होते आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री होते. १९९८ च्या २६ जानेवारीला पूर्ण मार्गावर गाडी धावली. मुंबईहून गावी येताना एस.टी.च्या खिडकीत रात्र काढलेल्या माझ्या पिढीला ती गाडी म्हणजे काय होती, हे शब्दांत सांगणे कठीण आहे. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गाद्या आल्या त्याही दंडवते १९७७ नंतर रेल्वेमंत्री असताना. एवढा पल्ला गाठायला एकाच माणसाने वीस वर्षे तेच काम हातात धरून ठेवावे लागते.

आणि मतदारांनी त्यांना १९९१ मध्ये पराभूतही केले. मला त्याचे दुःख झाले, पण तो निर्णय आमच्या मतदारसंघाचा होता. हा अधिकार कायद्याने आमच्याकडून काढून घेऊ नये.

प्रतिसाद ३ : वकील (पुणे)

कायद्याची बाजू थोडक्यात मांडतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद ८४ मध्ये खासदाराची पात्रता दिली आहे आणि आणखी पात्रता ठरवण्याचा अधिकार संसदेला दिला आहे. अनुच्छेद १०२ नुसार अपात्रतेची कारणेही संसद कायद्याने वाढवू शकते. त्यामुळे माझ्या मते ही मर्यादा घालण्यात घटनात्मक अडसर मोठा नाही. मोठा अडसर असा की ज्यांच्यावर ती लागू होणार तेच तिच्यावर मतदान करणार.

आपल्याकडे बंधने खालच्या पातळीवर सहज येतात. महाराष्ट्रात दोनपेक्षा अधिक अपत्यांची अट ग्रामपंचायत आणि जिल्हा परिषदेच्या उमेदवाराला आहे, आमदार-खासदाराला नाही. सहकारी बँकेच्या संचालकाने सलग किती वर्षे राहावे हे संसदेनेच ठरवले आहे. पूर्वी ती मर्यादा आठ वर्षांची होती आणि २०२५ मध्ये ती दहा वर्षांची झाली. ठेवीदारांच्या पैशावर एकाच माणसाचा ताबा फार काळ राहू नये, हे तत्त्व मान्य असेल तर देशाच्या तिजोरीबाबत ते का नको, हा प्रश्न मला न्याय्य वाटतो.

तरीही फिलिपिन्सचा अनुभव विसरता येत नाही. तिथे १९८७ च्या राज्यघटनेने प्रतिनिधिगृहाच्या सदस्यांना सलग तीन मुदतींची मर्यादा घातली. राजकीय घराणी त्याने मोडली नाहीत. मुदत संपली की पत्नी, मुलगा किंवा भाऊ उभा राहतो आणि मूळ सदस्य एखादे स्थानिक पद घेऊन थांबतो. सातारच्या ताईंनी लिहिले तेच तिथे देशपातळीवर झाले. उमेदवारी कोण देतो, याला हात लावल्याशिवाय मुदतीची मर्यादा निष्फळ ठरेल. पक्षांतर्गत लोकशाही कायद्याने बंधनकारक करावी, असे विधी आयोगाने १९९९ च्या १७० व्या अहवालातच सुचवले होते.

प्रतिसाद ४ : निवडणूक खर्च पथकात काम केलेला कर्मचारी

वकील साहेबांच्या शेवटच्या मुद्द्याला मी पैशाची बाजू जोडतो, कारण उमेदवारी त्याच घरात का फिरते याचे बरेचसे उत्तर तिथे आहे.

लोकसभेच्या निवडणुकीत माझ्याकडे एका उमेदवाराची छाया नोंदवही, म्हणजे त्याच्या खर्चाचा आम्ही स्वतंत्रपणे ठेवलेला हिशेब, होती. व्हिडिओ पथक सभेचे चित्रीकरण करून आणते आणि आम्ही ते पडद्यावर थांबवून खुर्च्या, मंडप, ध्वनिवर्धक, गाड्या मोजतो. प्रत्येक वस्तूचा दर जिल्हा निवडणूक कार्यालयाने आधी ठरवलेला असतो, अगदी चहा आणि वडापावचासुद्धा. उमेदवाराने दिलेला हिशेब आणि आमची नोंदवही यांत फरक आला की त्याला नोटीस जाते. आम्ही रात्री दोनपर्यंत बसून खुर्च्यांच्या रांगा मोजल्या आहेत आणि ते काम मी मनापासून केले.

परंतु महाराष्ट्रासारख्या राज्यात लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाखांची मर्यादा असताना त्याच्या पक्षाच्या सर्वसाधारण प्रचारखर्चाला कोणतीही मर्यादा नाही. स्टार प्रचारक हेलिकॉप्टरने येतो तेव्हा त्याचा प्रवासखर्च उमेदवाराच्या खात्यात धरला जात नाही. खाली वडापाव मोजणारे आम्ही, आणि वरून उतरणारे हेलिकॉप्टर नोंदवहीच्या बाहेर, हे पाहताना मला फार वाईट वाटत असे. सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये पक्षाने केलेला खर्चही उमेदवाराच्या हिशेबात धरावा असा निर्णय दिला होता. पण लगेच कायदाच बदलला गेला. न्यायालयाने २०२४ च्या १५ फेब्रुवारीला निवडणूक रोखे, म्हणजे पक्षांना नाव उघड न करता देणगी देण्याची योजना, घटनाबाह्य ठरवले, त्याने देणगीदाराची गुप्तता गेली, मात्र पक्षाच्या खर्चाचा दरवाजा अजून उघडाच आहे.

पक्ष तिकीट देताना पहिला प्रश्न विचारतो तो "किती लावू शकाल?" हा. साखर कारखाना, शिक्षण संस्था किंवा बँक ज्या घराकडे आहे, त्याच घरात या प्रश्नाचे उत्तर असते. उद्या आजोबांना मर्यादा लागू झाली तरी उत्तर त्याच घरातून येईल, फक्त नाव नातवाचे असेल. म्हणून माझ्या दृष्टीने पक्षांच्या खर्चावर मर्यादा आणि त्यांच्या हिशेबाची स्वतंत्र तपासणी या दोन गोष्टी आधी व्हाव्यात.

प्रतिसाद ५ : प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. दंडवते यांचे उदाहरण वाचून तीन मुदतींच्या सरसकट मर्यादेबद्दलचा माझा आग्रह कमी झाला आहे. ताईंनी सुचवलेली सलग मुदतींची मर्यादा मला अधिक पटते. तथापि आधी उमेदवारीचाच प्रश्न घ्यावा लागेल हे आता स्पष्ट दिसते. त्यातही एक अडचण आहे. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर पक्षादेश मोडून मतदान करणाऱ्या खासदाराची खासदारकी जाऊ शकते, म्हणजे तिकीट देणाऱ्या हाताचा अधिकार निवडणुकीनंतरही संपत नाही. पक्षादेश फक्त विश्वासदर्शक ठराव आणि अर्थसंकल्पापुरता ठेवला तर दहावी मुदत असो वा पहिली, खासदाराला स्वतःचे मत मांडता येईल.

उमेदवार ठरवण्यासाठी मतदारसंघातल्या पक्षसदस्यांचे गुप्त मतदान घ्यावे आणि त्यावर निवडणूक आयोगाची देखरेख असावी, असे मला सुचते. पण माझा स्वतःचा अनुभव सहकारी संस्थेचा आहे. तिथे निवडणूक जवळ आली की एका रात्रीत शेकडो नवे सभासद नोंदवले जातात, शेअरची रक्कम कोणीतरी भलताच भरतो आणि मतदार यादीवर हरकती घ्यायला हाती चार दिवस उरतात. पक्षाच्या सदस्य नोंदणीतही हेच होईल. तेव्हा ती यादी कोणी ठेवायची आणि तिची अंतिम तारीख निवडणुकीच्या किती आधी असावी, याबद्दल वकील साहेबांनी आणि खर्च पथकातल्या आपल्या मित्रांनी कृपया लिहावे.