समुद्रातील तेलक्षेत्रात राबलेल्या वडिलांविषयी कसे लिहावे?

प्रश्न (मंगळवार पेठ, कोल्हापूर):
पुढच्या महिन्यात आमच्या अण्णांचे वर्षश्राद्ध आहे. ‘मुंबई हाय’ या समुद्रातील तेलक्षेत्रावर ते खोदकामात होते. चौदा दिवस समुद्रात, चौदा दिवस घरी, आणि महालक्ष्मी एक्सप्रेसने सकाळी परतले की बॅग ठेवून आधी आम्हां भावंडांना रंकाळ्यावर नेत. नातवंडांसाठी चार पाने लिहायची आहेत, पण कामाविषयी ते घरी फारसे बोलत नसत.

उत्तर १:
ताई, मीही तिथेच होतो. १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या खोदकामाच्या जहाजाने तिथे तेल शोधले आणि १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले, हे अवश्य लिहा. बारा तासांच्या पाळीत नळाला नळ जोडत विहीर खोल न्यायची आणि तीत खास तयार केलेला जड चिखल फिरता ठेवायचा, कारण खालचा वायू उसळू नये म्हणून त्याच्याच वजनाचा आधार असतो. त्या वजनावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवणे म्हणजे सोबत्यांचे प्राण राखणे होते.

उत्तर २:
आपल्या आईंना विचारा. ते चौदा दिवस घर त्यांनीच सांभाळले.

प्रश्नकर्ती:
विचारले. आमच्या शाळेचे वेळापत्रक उतरवून घेऊन अण्णा प्रत्येक वेळी सोबत नेत, असे आई म्हणाली. मला हे ठाऊकच नव्हते.