लॅन कार्डावर खेकडा आहे, तरी एक्सपी ओळखत नाही. कुठला ड्रायव्हर टाकू? (वागळे इस्टेट, ठाणे)

लाकूडतोड्या_ठाणे

नमस्कार मंडळी. वागळे इस्टेटमध्ये आमचा लाकडावर कोरीव काम करायचा छोटा कारखाना आहे. देव्हाऱ्याची दारं, नेमप्लेट, पलंगाच्या उशाची नक्षी वगैरे. राउटर मशीनला (लाकूड कोरणाऱ्या, नेटच्या राउटरला नव्हे) जुना पेंटियम ४ जोडलाय, त्यावर विंडोज एक्सपी सर्विस पॅक ३. मशीनचं कंट्रोलर कार्ड पीसीआय स्लॉटमध्ये (मदरबोर्डवरची जुन्या पद्धतीची खाच) बसतं, सॉफ्टवेअरचं डोंगल (लायसनची किल्ली) प्रिंटर पोर्टला. त्यामुळे "नवीन पीसी घे" हा सल्ला कृपया नको, तो पप्पांना रोज देऊन झालाय.

जूनमधल्या पहिल्या गडगडाटात मदरबोर्डवरचा लॅन पोर्ट गेला. लॅमिंग्टन रोडवरून २०० रुपयांत एक वापरलेलं पीसीआय कार्ड आणलं. ना खोका, ना ड्रायव्हरची (विंडोजला कार्ड ओळखायला लावणाऱ्या सॉफ्टवेअरची) सीडी. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं प्रश्नचिन्ह आणि नुसतं "इथरनेट कंट्रोलर". नेटवर शोधलं तर एका साइटने ड्रायव्हरच्या नावाखाली तीन टूलबार गळ्यात मारले, ते काढण्यात अख्खी दुपार गेली.

डिझाइनचा पीसी वर माळ्यावर आहे, विंडोज १०. नक्षीची एकेक फाइल ५०-६० एमबीची. सध्या पेनड्राइव्ह घेऊन जिना चढउतार चालू आहे. पप्पा म्हणतात, व्यायाम होतो.

कार्डावरच्या चिपवर खेकड्यासारखं चित्र आहे. एवढीच माहिती.

कळवेकर

खेकडा म्हणजे रिअलटेक. ८१३९ असणार, त्या काळी दहातली आठ कार्डं तीच. ८१३९ चा ड्रायव्हर टाक आणि मोकळा हो.

लाकूडतोड्या_ठाणे

टाकला. एक्सपी म्हणतं या हार्डवेअरची माहिती या फोल्डरमध्ये नाही. तीनदा केलं.

आयआरक्यू_अकरा

कळवेकर, खेकडा बरोबर, नंबर चुकला. ८१३९ असतं तर एक्सपीने मागितलंच नसतं, तो ड्रायव्हर विंडोजच्या पोटातच येतो. प्रश्नचिन्ह दिसतंय याचाच अर्थ हे ८१३९ नाही.

लाकूडतोड्या, अंदाजाने ड्रायव्हर टाकत बसू नकोस. त्या "इथरनेट कंट्रोलर"वर डबल क्लिक कर, डिटेल्सचा टॅब उघड. तिथे "व्हेन" आणि "डेव्ह" अशी दोन नावं आणि त्यांच्यापुढे चार-चार आकडी कोड दिसतील. पहिला कोड चिप कोणी बनवली ते सांगतो, दुसरा कुठली चिप. कार्डावर कोणाचंही स्टिकर असो, हा कोड चिप स्वतः सांगते. इथे लिही, मग बोलू.

आणि टॉर्च लावून चिपवरची अक्षरं वाच. धूळ पुसायला बोट थोडं ओलं कर, कापडाने घासू नकोस.

लाकूडतोड्या_ठाणे

व्हेन १०ईसी, डेव्ह ८१६९. चिपवर आरटीएल८१६९एससी. (लाकडाचा भुसा इतका होता की खेकड्याला पाय किती तेही दिसत नव्हते.)

आयआरक्यू_अकरा

लॉटरी लागली तुला. हे गिगाबिट (१००० मेगाबिटचं) कार्ड आहे, २०० रुपयांत. ८१३९ फक्त १०/१०० मेगाबिटचं होतं.

ड्रायव्हर रिअलटेकच्याच साइटवरून घे, पीसीआय गिगाबिटसाठी एक्सपीचा असा. पीसीआय एक्सप्रेसवाल्या (नव्या, वेगळ्या स्लॉटच्या) ८१६८ चं पॅकेज उचलू नकोस, नावं जुळ्या भावांसारखी आहेत. वरच्या पीसीवर डाउनलोड कर आणि पेनड्राइव्हने खाली ने, शेवटची फेरी समज. सेटअप अडकला तर पॅकेज उलगड, "अपडेट ड्रायव्हर" मध्ये "हॅव डिस्क" निवड आणि त्यातली आयएनएफ फाइल (ड्रायव्हरची माहिती असलेली) दाखव. मला सेटअपपेक्षा हाच रस्ता आवडतो, फालतू सॉफ्टवेअर सोबत येत नाही.

घणसोली_टर्मिनल

ड्रायव्हर टाकण्याआधी कार्ड जिवंत आहे का तेही बघा, वापरलेलं आहे म्हणताय. ३२ बिट लिनक्सचा लाइव्ह (इन्स्टॉल न करता चालणारा) पेनड्राइव्ह लावून बूट करा. अँटीएक्स अशा जुन्या मशीनवर छान चालतं. डेबियन वापरायचं तर १२ पर्यंतच, १३ पासून ३२ बिट पीसीसाठी इन्स्टॉलर येत नाही. तिथे हे कार्ड आर८१६९ नावाचं मॉड्यूल (लिनक्सचा ड्रायव्हर) आपोआप उचलेल. केबल लावून लिंकचा दिवा पेटला तर कार्ड, केबल, स्विच (सगळ्या पीसींच्या केबली जोडणारा डबा) तिन्ही ठीक, आणि उरलेलं भांडण फक्त एक्सपीशी. मी तर कुठल्याही जुन्या कार्डाची पारख आधी अशीच करतो.

कळवेकर

एक टीप. ड्रायव्हर बसला की ॲडव्हान्स्ड टॅबमध्ये स्पीड १०० फुल डुप्लेक्स (एकाच वेळी बोलणं-ऐकणं) फिक्स करून टाक. जुन्या कार्डांना ऑटो (स्पीड आपापसांत ठरवणं) झेपत नाही.

लाकूडतोड्या_ठाणे

ड्रायव्हर बसला!! लिनक्सवरही चाललं होतं. पण दोन लफडी:

मशीनच्या पीसीचा ठरलेला आयपी १९२.१६८.१०.५० आहे. तो टाकला तर एक्सपी म्हणतं, हा पत्ता दुसऱ्या अडॅप्टरला दिलेला आहे. दुसरा अडॅप्टर आहेच कुठे? तो तर जूनमध्ये वारला. तूर्तास ५१ टाकून बघितलं.

दुसरं, स्पीड. ६० एमबीची फाइल लावली, कोपऱ्यावर जाऊन कटिंग चहा मारून आलो तरी अर्धीच. पेनड्राइव्ह याहून लवकर जिना चढतो.

आयआरक्यू_अकरा

कळवेकरांचं ऐकून १०० फुल केलंस ना? परत ऑटो कर. तू एका बाजूला फुल फिक्स केलंस, स्विच ऑटोवर आहे. त्याला समोरून बोलणीच येत नाहीत, मग तो नियमाप्रमाणे हाफ डुप्लेक्स धरतो. तुझं कार्ड बोलता बोलता ऐकतं, स्विच एका वेळी एकच करतो, आणि पॅकेट आपटत राहतात. दिवा पेटतो, पिंगही (छोट्या चाचणीला उत्तर) येतं, फक्त मोठी फाइल रडते. गिगाबिटला तर दोन्हीकडे ऑटो लागतंच.

आयपीचं: मेलेला पोर्ट रजिस्ट्रीत (विंडोजच्या नोंदवहीत) अजून जिवंत आहे. आधी बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या सेटअपमध्ये) ऑनबोर्ड लॅन बंद कर. मग कमांड प्रॉम्प्टवर सेट, स्पेस, डेव्हएमजीआर_शो_नॉनप्रेझेंट_डिव्हायसेस, लगेच बरोबरचं चिन्ह आणि १ (टाइप इंग्रजीत करायचं). त्याच खिडकीतून डिव्हाइस मॅनेजर उघड, व्ह्यूमध्ये लपलेली डिव्हायसेस दाखवायला सांग. जुनं कार्ड फिकट दिसेल. ते अनइन्स्टॉल कर, तुझा ५० मोकळा. पुढे कार्डाचा स्लॉट बदललास तरी हेच भूत परत निघेल, लक्षात ठेव.

कळवेकर

चूक मान्य. आमच्याकडे हबच्या (स्विचच्या आधीच्या साध्या डब्यांच्या) जमान्यात फिक्स केलेलं चालायचं.

तुर्भे_डॉसवाला

धागा पळवतोय, माफ करा. माझ्याकडे आयएसए स्लॉटचं (पीसीआयच्याही आधीचं) एनई२००० सारखं लॅन कार्ड आहे, डॉसवर. पत्ता ३०० हेक्स आणि आयआरक्यू (कार्ड प्रोसेसरला हाक मारतं तो नंबर) ३. पॅकेट ड्रायव्हर (डॉसचा नेटवर्क ड्रायव्हर) चढतो, पण नेटवर्क सुरू केलं की सिरियलवरचा वजनकाटा गप्प होतो.

आयआरक्यू_अकरा

काटा कॉम २ (दुसऱ्या सिरियल पोर्ट) वर असणार. आयआरक्यू ३ त्याचाच. कार्डाच्या सेटअप डिस्कने किंवा जंपरने १० वर ने, बायोसमध्ये १० आयएसएसाठी राखून ठेव, पॅकेट ड्रायव्हरच्या ओळीतही ३ च्या जागी १० लिही. ५ वर नेऊ नकोस, तिथे साउंड कार्ड बसलेलं असतं.

घणसोली_टर्मिनल

लाकूडतोड्या, फाइल शेअर कशी करतोयस? एक्सपीला फक्त जुनं एसएमबी १ (विंडोजची फाइल शेअर करायची पद्धत) कळतं, विंडोज १० मध्ये ते बंद येतं. चालू केलं असशील तर बंद कर, सुरक्षेच्या दृष्टीने फार जुनाट आहे. वरच्या पीसीवर छोटा एफटीपी सर्व्हर (फाइल देण्याघेण्याचा साधा प्रोग्राम) ठेव आणि एक्सपीने तिथून फाइल ओढायची. एक्सपीच्या आयपीमध्ये गेटवेचा (इंटरनेटकडे जायच्या दाराचा) रकाना रिकामा सोड. त्याला इंटरनेट हवंय कशाला? २०१४ पासून त्याचे अपडेट बंद आहेत.

लाकूडतोड्या_ठाणे

ऑटो केलं, भूत काढलं, ५० मिळाला. एसएमबी चालू केलंच होतं, बंद करून एफटीपी टाकलं. ६० एमबी दहा-बारा सेकंदांत खाली. वर स्विच १०० चाच आहे, म्हणून एवढंच, पण मला पुरे.

ड्रायव्हरचा फोल्डर सीडीवर उतरवून कॅबिनेटच्या आत चिकटवलाय, आणि भुसा अडवायला मागच्या जाळीला जुन्या बनियनचा तुकडा लावणार होतो, पण पप्पांनी अडवलं, हवा कोंडेल म्हणून. ते बरोबर असावेत. पेनड्राइव्ह मात्र त्यांनी परत खिशात ठेवलाय.

तुर्भे_डॉसवाला

१० वर नेलं. काटा बोलतोय, नेटवर्कही. आभार.