फर्स्ट कॉपी घड्याळं घेऊन ती सुधारणं : यात नेमकं चुकतंय काय?

घोडबंदरकर

परवा कासारवडवलीला आमच्या सोसायटीच्या लिफ्टपाशी एका शेजाऱ्यांनी माझ्या मनगटाकडे बघून विचारलं, "ओरिजिनल का?" मी म्हटलं, नाही, फर्स्ट कॉपी. "मग घालता कशाला?" म्हणाले, आणि तेवढ्यात लिफ्ट आली. द्यायचं राहिलेलं उत्तर इथे देतो.

माझ्याकडे सहा घड्याळं आहेत आणि सहाही नक्कल आहेत. रोजच्या वापरातलं आहे ते रोलेक्स सबमरीनरची कॉपी. अस्सल सबमरीनर १९५३ पासून बनतंय आणि आज त्याची किंमत दहा लाखांच्या घरात आहे. तेवढे पैसे माझ्याकडे नाहीत हे एक. पण समजा उद्या आले, तरी त्याचं मागचं झाकण उघडायला माझा हात धजावणार नाही. आणि मला तर झाकणच उघडायचं असतं.

हे घड्याळ आलं तेव्हा दिवसाला २८ सेकंद पुढे पळत होतं. तारखेचा आकडा खिडकीत जरा खाली बसलेला, चारच्या खुणेजवळ काचेच्या आत एक बारीक धागा. मे महिन्यातली रात्र, मुलं झोपली होती. स्वयंपाकघराचा ओटा पुसून कोरडा केला, धूळ उडू नये म्हणून पंखा बंद केला आणि डोळ्याला भिंग लावून बसलो. आत इटीए २८२४ या स्विस मशीनची चिनी नक्कल. घड्याळ टाइमग्राफर या यंत्रावर लावलं की ते यंत्र टिकटिक ऐकून वेग दाखवतं. वेग ठरवणाऱ्या रेग्युलेटरचा काटा केसाइतका सरकवायचा, थांबायचं, आकडा स्थिर होऊ द्यायचा, पुन्हा सरकवायचा. दीड तासात, डायल वर ठेवलेल्या स्थितीत, ते दिवसाला ४ सेकंदांवर आलं. चिमट्याला जरा कणीक लावून धागा उचलला. पुढच्या आठवड्यात चावीचं आणि झाकणाचं रबर बदलून सिलिकॉन ग्रीस लावलं, कारण पहिल्याच पावसात येऊरला गेलो तेव्हा काचेच्या आत धुकं धरलं होतं.

डायलवरचं नाव खोटं आहे, हे मला मान्य आहे. पण त्या रात्री मी जे शिकलो ते खोटं नाही. गाणं शिकणारा मुलगा गुरूची बंदिश जशीच्या तशी घोकूनच गळा तयार करतो. मी कुणाला फसवत नाही, विचारलं की खरं सांगतो. दोन घड्याळं ऑफिसातल्या मित्रांना दिली, तीही सगळं सांगून आणि मला पडली तेवढ्याच किमतीला. तेव्हा सांगा, माझं कुठे चुकतंय?

कळवा_पूल

शिष्य बंदिश गुरूची गातो, पण मैफिलीच्या पत्रिकेवर गुरूचं नाव छापून स्वतः बसत नाही. मला अडचण एवढीच आहे, पण ती मोठी आहे.

जांभळीनाक्याची

माझे बाबा पस्तीस वर्षं घड्याळं दुरुस्त करतायत, दुकान ठाण्यातच. गेली आठ वर्षं मीही तिथे बसते. त्यामुळे आधी कामाबद्दल बोलते.

रेग्युलेटर हलवून २८ चे ४ सेकंद केलेत, हात चांगला आहे. पण अ‍ॅम्प्लिट्यूड, म्हणजे झोका, किती होता? बॅलन्स व्हील, म्हणजे आतलं झुलणारं चाक, पूर्ण चावीवर निदान २७० अंशांच्या आसपास झुलायला हवं. ते २०० वर झुलत असेल तर वेग कितीही नीट आला तरी मशीन आजारी आहे. या नकलांमध्ये आम्हाला दोनच प्रकार दिसतात. एक तर तेलाचा थेंबही नसतो, नाहीतर तेल एवढं असतं की पार हेअरस्प्रिंगपर्यंत, त्या चाकाच्या केसासारख्या स्प्रिंगपर्यंत, गेलेलं असतं. पूर्ण उघडून, धुऊन, चाकांची टोकं ज्यांत फिरतात त्या खड्यांना जिथे जे लागतं ते तेल दिल्याशिवाय तुमचे ४ सेकंद वर्षभरही टिकायचे नाहीत.

आता नावाबद्दल. असं घड्याळ सर्व्हिसिंगला आलं की बाबा पावतीवर "रोलेक्स" लिहीत नाहीत. ते लिहितात, "डायलवर रोलेक्स नाव असलेलं ऑटोमॅटिक, आतलं मशीन दुसरं", आणि गिऱ्हाइकासमोर झाकण उघडून त्याला ते दाखवतात. कारण एकदा घड्याळ घेऊन गेलेला एक माणूस महिन्याने परत आला आणि तुम्ही आतलं मशीन बदललंत म्हणून भर दुकानात ओरडला. त्याला कॉपी अस्सल म्हणून विकली होती तिसऱ्याच कुणीतरी. चोर ठरले बाबा. त्या दिवशी दुकानात आणखी चार गिऱ्हाइकं होती. बाबांनी त्याला एका शब्दानेही उलट उत्तर दिलं नाही, नुसतं भिंग काढून ठेवलं. त्यांचा हात थरथरत होता हे मी पाहिलंय.

तुम्ही खरं सांगता, मान्य. पण घड्याळ तुमच्यापेक्षा जास्त जगतं. त्याच्यासोबत तुमचं खरं बोलणं जात नाही.

ऐरोलीचा_मेकॅनिकल

ताई, बाबांबरोबर झालं ते वाईटच झालं. पण तो दोष खोटं बोलून विकणाऱ्याचा आहे, ओट्यावर बसून शिकणाऱ्याचा नाही.

आणि डायलवरच्या नावाला आपण फार सोवळं करून ठेवलंय. खुद्द रोलेक्सच्या डेटोना घड्याळात १९८८ पासून २००० पर्यंत आत झेनिथ या दुसऱ्या कंपनीच्या एल प्रिमेरो मशीनवर बेतलेलं मशीन होतं. डायलवर झेनिथचं नाव होतं का? मग नाव एकाचं आणि मशीन दुसऱ्याचं हे पाप फक्त आम्ही केलं तरच कसं? मी रबाळ्याच्या एमआयडीसीत मायक्रॉनमध्ये मापं घेतो. कॉपी आणि अस्सल यांच्यातला फरक मला माहीत आहे, आणि तो दहा लाखांचा नाही हेही माहीत आहे. सामान्य माणसाला हाताळायला, चुकायला, स्क्रूची खाच घसरवायला मिळणारी ही एकमेव घड्याळं आहेत. घोडबंदरकर, तुम्ही चालू ठेवा.

कळवा_पूल

झेनिथने मशीन स्वतः विकलं, पैसे घेऊन, करार करून. रोलेक्सने त्यावर भरपूर बदल केले, ठोक्यांचा वेग ताशी ३६,००० वरून २८,८०० वर आणला. दोघांनाही ठाऊक होतं काय चाललंय. इथे ज्याचं नाव लावलंय त्याला कुणी विचारलं?

कोपरखैरणे_वकील

घोडबंदरकरांच्या लेखातलं एक वाक्य सगळ्यांच्या नजरेतून सुटलंय. "दोन घड्याळं मित्रांना दिली, पडली तेवढ्याच किमतीला."

ट्रेड मार्क्स अ‍ॅक्ट, १९९९. कलम १०३ खोटं चिन्ह लावणाऱ्यासाठी. कलम १०४ असा माल विकणाऱ्यासाठी आणि विक्रीसाठी बाळगणाऱ्यासाठी. शिक्षा ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि दंड ५० हजार ते २ लाख. स्वतःच्या मनगटावर घालण्याबद्दल या कलमांत काही नाही. पण पैसे घेऊन दिलंत की ती विक्री झाली, नफा झाला की नाही हा प्रश्नच येत नाही. कस्टम्सच्या २००७ च्या नियमांतही स्वतःच्या वापरासाठी आणलेल्या किरकोळ, बिगरव्यापारी मालाला सूट आहे. ती सूट तुमच्यासाठी आहे, तुमच्या मित्रांसाठी नाही. हे कृपया पुन्हा करू नका, कळकळीने सांगतो.

सुधारणा करणाऱ्यांच्या बाजूने मात्र एक खटला आहे. अमेरिकेत व्हॉर्टिक नावाची छोटी कंपनी हॅमिल्टन कंपनीच्या जुन्या, खिशात ठेवायच्या घड्याळांची मशीनं दुरुस्त करून मनगटी घड्याळं बनवते. डायलवर हॅमिल्टनचं जुनं नाव तसंच राहतं. हॅमिल्टनने दावा लावला. २०२० मध्ये निकाल व्हॉर्टिकच्या बाजूने लागला आणि २०२१ मध्ये अपिलातही तो टिकला. मुख्य कारण, घड्याळ काय आहे आणि ते कुणी घडवलंय हे त्यांनी घड्याळावर आणि जाहिरातीत उघड लिहिलं होतं. आणि दुसरं, ते हॅमिल्टन मुळात खरं होतं. तुमच्याकडे यातलं दुसरं नाहीच. पहिलं करता येईल.

नेरुळची_भाची

मी या विषयावर कधी लिहीन असं वाटलं नव्हतं.

माझे मामा मागच्या वर्षी गेले. कपाटात पाच घड्याळं, प्रत्येक वेगळ्या मखमली डबीत. दर रविवारी दुपारी ते ती बाहेर काढून पुसायचे, एकेकाला चावी द्यायचे, कानाला लावायचे. मामीला त्यांनी कधी खोटं सांगितलं नाही. तो विषयच कधी निघाला नाही. ते गेल्यावर मामी म्हणाली, "त्यांच्या घड्याळांत पिंकीची दोन वर्षांची फी निघेल गं." मी तिच्याबरोबर वाशीला गेले. काउंटरवरच्या माणसाने पहिल्या घड्याळाचं झाकण उघडलं, क्षणभर पाहिलं, आमच्याकडे न बघता परत बसवलं. मग ते रुमालावर ठेवून हळूच आमच्याकडे सरकवलं. "ताई, आठवण म्हणून ठेवा," म्हणाला. चांगला माणूस होता. मामीने बाकीच्या चार डब्या पिशवीतून काढल्याच नाहीत.

येताना लोकलमध्ये ती एकच विचारत होती, "त्यांना माहीत होतं का गं?" ते फसले होते, की त्यांना ठाऊक असून त्यांनी सांगितलं नव्हतं? कुठलंही उत्तर दिलं तरी मामांचं काहीतरी कमी होतं. मी खिडकीबाहेर बघत बसले.

घोडबंदरकर, तुमच्या घरी माहीत आहे का?

घोडबंदरकर

भाचीताई, तुमचं लिहिलेलं काल रात्री बायकोला वाचून दाखवलं. तिला घड्याळं कॉपी आहेत हे माहीत होतं, पण कुठली किती रुपयांची हे माहीत नव्हतं. मुलांना तर काहीच नाही. थोरला बारा वर्षांचा आहे आणि वर्गात "माझ्या बाबांकडे रोलेक्स आहे" असं सांगतो, हे तिने मला काल सांगितलं. मला ते ऐकून झोप आली नाही.

वकीलसाहेब, दोन्ही मित्रांना आज फोन केला. घड्याळं परत घेतो, पैसे देतो. सहाही झाकणांच्या आतल्या बाजूला कोरणीने "प्रतिकृती" आणि साल कोरायला घेतलंय. तीन झाली.

पण ताई, छंद मात्र मी सोडणार नाही. अ‍ॅम्प्लिट्यूड मोजला, २१५ निघाला. तुमचं बरोबर होतं.

जांभळीनाक्याची

छंद सोडा असं मी म्हणतच नाही. पण झाकणाच्या आत कोरलेलं आमच्यासारखेच वाचणार. मामी थोडीच झाकण उघडून बघणार होत्या?

आमच्या धंद्याचीही एक गोष्ट सांगते, कारण फक्त तुम्हालाच बोलणं बरं नाही. जगभरचे जुन्या घड्याळांचे शौकीन "मुंबई स्पेशल" असा एक शब्द वापरतात. जुनं एचएमटी, फावर-ल्युबा किंवा सेइको घ्यायचं, डायल भडक रंगात नव्याने रंगवायचं, वाट्टेल ते काटे लावायचे आणि जुनं म्हणून विकायचं. ती शिवी आहे, आणि तिच्यात आपल्या शहराचं नाव आहे. बाबांनी तरुणपणी अशी डायलं बसवलीत. गिऱ्हाइकाला चकाचक हवं असायचं. आज एखादं जुनं एचएमटी जनता मूळ डायलसकट आलं तर ते त्याला फडकंसुद्धा लावू देत नाहीत, डाग असला तरी राहू दे म्हणतात.

तुम्हाला हातच तयार करायचा आहे ना? मग सेइकोचं एनएच३५ मशीन घ्या. २४ खडे, ताशी २१,६०० ठोके, एकदा भरलं की ४१ तास चालतं. केस, काटे, कोरं डायल वेगवेगळं मिळतं. सगळं स्वतः जुळवा. नाहीतर सतरा खड्यांचं बंद पडलेलं जनता घ्या, चावीचं, साधं, शिकायला त्याच्याइतकं दुसरं नाही. बिघडलं तरी जीव तुटणार नाही, आणि चाललं तर पोराला बेधडक सांगा की हे मी केलं.

ऐरोलीचा_मेकॅनिकल

जनता घ्या, जरूर घ्या. पण सबमरीनरच्या बेझलमधली, म्हणजे काचेभोवतीच्या फिरत्या कड्यातली, स्प्रिंग, स्क्रूने बसणारी चावी, दाब सोसणारं केस हे जनतामध्ये शिकायला मिळत नाही. माझी कॉपी माझ्याकडेच राहील, डायलसकट. घरी सगळ्यांना माहीत आहे, भाचीताईंचं वाचल्यावर आईलाही सांगितलं. याहून जास्त माझ्याकडून होणार नाही.

कळवा_पूल

आईला सांगितलंस हे चांगलं केलंस. बाकी मला अजून पटलेलं नाही.

घोडबंदरकर

ठरवलंय. रोजचं घड्याळ तेच ठेवतो, कारण त्याच्यावर माझ्या रात्री गेल्यात. पण नावाचं डायल काढतो. कोरं काळं डायल बघितलं, तारखेची खिडकी तीनलाच आहे. ते एनएच३५ साठीचं आहे, माझं मशीन २८२४ ची नक्कल. बसेल का?

जांभळीनाक्याची

सरळ बसणार नाही. डायलच्या मागचे दोन पाय दोन्ही मशीनमध्ये वेगळ्या जागी येतात. पाय मुळापासून कापा, कापताना डायल वाकणार नाही असं धरा, आणि डायल डॉटने, म्हणजे दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या ठिपक्यांनी, चिकटवा. डॉटमुळे डायल किंचित वर येतं, म्हणून आधी काट्यांची उंची बघा, तासकाटा डायलला घासता कामा नये. तारीख खिडकीच्या मध्यात येतेय का ते चिकटवण्याआधीच तपासा, नंतर हलवता येत नाही. काटे नवे घेणार असाल तर तास-मिनिटांचे चालतील, पण सेइकोच्या सेकंदकाट्याचं भोक ०.२० मिलिमीटरचं असतं, तुम्हाला ०.२५ लागेल. जुनाच वापरा.

आणि मशीन बाहेर काढणारच आहात तर धुऊन तेल देऊनच परत बसवा. रविवारी दुकान अर्धा दिवस उघडं असतं. थोरल्याला घेऊन या, बाबा त्याला भिंग लावून बॅलन्स दाखवतील.