आघातोपचार म्हणावं की दुसरं काही?

रामदासपेठकर: धंतोलीतल्या एका दवाखान्याचं पत्रक मराठीत करतोय. ट्रॉमा थेरपीला, म्हणजे जुन्या धक्क्यानं मनाला झालेल्या जखमेवरच्या उपचाराला, 'आघातोपचार' लिहिलं. वाचून दाखवलं तर एका पेशंटच्या आईनं घाबरून विचारलं, "म्हणजे शॉक देता का?" पुढचं वाक्य आणखी अवघड आहे. या उपचारानं 'रोगप्रतिकारशक्ती वाढते' असं लिहू का?

वऱ्हाडी_लेक: 'आघात' म्हटलं की पक्षाघातच आठवतो. अन् नागपुरात ट्रॉमा म्हणजे मेडिकलचं (सरकारी मेडिकल कॉलेजचं) ट्रॉमा सेंटर, अ‍ॅक्सिडेंटची केस. सरळ 'धसका' लिहा. आमची आजी म्हणायची, "पोरानं धसका घेतला, तवापासून आंग नाही धरलं त्यानं." मन अन् शरीर दोन्ही आलं त्यात.

शब्दनिष्ठ: धसका पुढच्या भीतीचा असतो. इथे घडून गेलेल्या गोष्टीची जखम आहे, मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही जखमच. 'मनःक्षत' घ्या.

वऱ्हाडी_लेक: मनःक्षत कोण म्हणतं हो? पत्रक पेशंटसाठी आहे.

लॅबवाला_सक्करदरा: शब्द कोणताही घ्या, 'वाढते' तेवढं काढा. ताण वर्षानुवर्षं राहिला की कॉर्टिसोल या ताणाच्या हार्मोनचा ताल बिघडतो, अंगात बारीक दाह (इन्फ्लमेशन) चालू राहू शकतो, रक्तात तो दाखवणारा सीआरपी थोडा चढा दिसू शकतो. म्हणजे प्रतिकारशक्ती एकीकडे कमी पडते अन् दुसरीकडे विनाकारण भडकलेली असते. आमवातात प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उठते, त्या पेशंटला 'वाढते' सांगणार का? १९८८ मध्ये पेनेबेकर, किकोल्ट-ग्लेझर या मानसशास्त्रज्ञांनी ५० विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. निम्म्यांनी मनातले दुखरे प्रसंग ४ दिवस, रोज २० मिनिटं लिहिले. त्यांच्या रक्तातल्या लिम्फोसाइट या रोगाशी लढणाऱ्या पेशींनी चाचणीत जास्त जोर दाखवला, दवाखान्याच्या फेऱ्याही कमी झाल्या. पण ते लेखन होतं, थेरपी नव्हे. थेरपीनंतर दाह उतरल्याचं काही अभ्यासांत दिसतं, काहींत नाही. 'परिणाम होऊ शकतो' एवढंच लिहा, अन् चालू गोळ्या बंद करू नका हे ठळक टाका.

शब्दनिष्ठ: 'दाह' म्हटलं की लोक पोटातली जळजळ समजतील.

लॅबवाला_सक्करदरा: अन् 'सूज' लिहिलं तर पाय दाबून पाहतील.

कोथरूडची_सून: माझा आक्षेप 'धसका घेतला'वर आहे. जणू पोरानं तो मुद्दाम घेतला! आमच्याकडे धसका बसतो.

वऱ्हाडी_लेक: मग 'हाय खाल्ली'चं काय? तीही माणूसच खातो. यात दोष देणं नाही, ती बोलायची रीत आहे.

कोथरूडची_सून: ताप येतो, थंडी वाजते. तिथे आपण काहीच 'घेत' नाही. आजारी माणसानं वाचायच्या कागदावर 'बसला'च हवं.

शब्दनिष्ठ: 'मनःक्षत झाले' म्हणा, कर्त्याचा प्रश्नच उरत नाही.