चापडा साप पाहिलाय का कुणी? (अनुभव धागा)

रानवाट:
काल रात्रभर पाऊस कोसळत होता आणि एकदम आंबोली आठवली. दहा-बारा वर्षं झाली त्याला. वाटेलगतच्या वेलीवर, हाताच्या अंतरावर मलबारी चापडा. शेवाळी अंग, त्यावर तपकिरी नक्षी. बॅटरीच्या उजेडात डोळा आणि नाकपुडीमधली खळगी स्पष्ट दिसली. भक्ष्याच्या अंगाची ऊब त्याला तिथूनच कळते. दुसऱ्या रात्री गेलो, तर त्याच फांदीवर, त्याच वेटोळ्यात! बेडूक जवळ येईपर्यंत हलतच नाही. जगात फक्त पश्चिम घाटात सापडतो हा. तुम्हीही लिहा.

पाऊसवेडी:
आजी बांबूच्या बेटाकडे गेलं की ओरडायची, "थय चापडो आसा, हात घालू नको!" आमचा पूर्ण हिरवा, पानात पान.

रानवाट:
तो बांबूतला चापडा, वेगळी जात. तो घाटाबाहेरही मिळतो. मलबारी मात्र हिरवा, पिवळा, तपकिरी, कुठल्याही रंगात दिसतो.

करवंदी:
काकांना चावलाय, गवत कापताना. हात कोपरापर्यंत टम्म. आपल्याकडचं इंजेक्शन नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांच्यावरचं, चापड्यावरचं नाहीच. सूज आणि रक्तावर लक्ष ठेवत तीन दिवस दवाखान्यात ठेवलं. बरे झाले. आवळून बांधू नका, कापू नका, तडक दवाखाना गाठा.

पाऊसवेडी:
बाप रे. आता कसे आहेत काका?

करवंदी:
ठणठणीत! परवाच भात लावून आले.

घाटमाथा:
मला चौकुळच्या रस्त्यावरची सकाळ विसरता येत नाही. गाडीखाली गेलेली मादी, पोट फाटलेलं, बाजूला बोटाएवढी पिल्लं. अंडी घालत नाही हा साप, थेट पिल्लंच देतो. कुठली जात किती धोक्यात ते सांगणाऱ्या रेड लिस्टमध्ये 'कमी चिंतेचा' लिहिलंय, मान्य. पण त्या एका रस्त्यावर त्या पावसाळ्यात मी पाच मोजले. पावसाळी रात्री घाटात गाडी हळू चालवा हो.

रानवाट:
वाचून गलबललं. पिल्लं जिवंत होती?

घाटमाथा:
एक होतं. काठीने उचलून झुडपात सोडलं.

कातळकर:
देवगडला आमच्याकडे फुरसंच जास्त. जांभ्याचा दगड उचलला की अंग घासून करकर आवाज करतं, तेवढ्यावर मागे सरायचं. मोबाईल चार्जिंगला लावतो, आईची हाक आली. करवंदी, भात कुठला लावलात?

करवंदी:
वालय. थोडाच, घरापुरता.