नासर्डी साफ करायची की भांडवलशाहीशी भांडायचं?

गोदाकाठचा_पोऱ्या
रविवारी आमचा ग्रुप नाशिकच्या नासर्डी नदीच्या कडेला प्लास्टिक उचलतो, पानवेली काढतो. टी-शर्ट, हातमोजे एका कंपनीच्या सीएसआरमधून (समाजकामासाठीच्या निधीतून) येतात, बॅनर पण त्यांचाच. ग्रुपमधला एक मित्र युनियनचं काम करतो, तो हल्ली येतच नाही, म्हणतो नफ्याबद्दल बोलणार नसाल तर हे नुसतं सुशोभीकरण आहे. थोडं पटतं. पण मग सोव्हिएत रशियाने कापसासाठी अरल समुद्र आटवला, तिथे कुठला शेठ होता? हे विचारलं की डावे मित्र विषय बदलतात. कोणी नीट सांगेल का, शिव्या न घालता.

सेकंडशिफ्ट_सातपूर
शिव्या नाही घालत भाऊ 😄 रशियाचं मला माहीत नाही, एमआयडीसीचं सांगतो. सांडपाणी ट्रीट करायला वीज लागते, केमिकल लागतं, माणूस लागतो. एकाने केलं आणि शेजारच्याने तसंच नाल्यात सोडलं तर शेजारच्याचा माल स्वस्त पडतो आणि ऑर्डर त्याला जाते, मग पहिला पण हळूच बंद करतो, त्यात मालक देवमाणूस आहे की हरामी याने काही फरक पडत नाही. मी आधी जिथे होतो (नाव घेत नाही) तिथे इन्स्पेक्शन आलं की सांडपाण्याचा प्लांट चालू, साहेबांची गाडी गेटबाहेर गेली की बंद. आम्हाला सगळ्यांना दिसायचं. पण बोलणार कोण, सगळे कंत्राटी, बोललास तर उद्यापासून गेटपास नाही. म्हणून तुझ्या मित्राचं मला पटतं, कंत्राटी पद्धत आणि नदी हे दोन वेगळे विषय नाहीतच. भोपाळला १९८४ ला काय झालं, गॅसची टाकी थंड ठेवणारं युनिट आधीच बंद करून ठेवलेलं, मेंटेनन्सची माणसं कमी केलेली, आणि गळतीबद्दल युनियनवाले आधीपासून ओरडत होते. कोणी ऐकलं?

निफाडचा_बागवान
सगळं शेठवर ढकलणं सोपं आहे. मी दोन एकर द्राक्षवाला, औषध मी पण मारतो, मग मी भांडवलदार का?

वाचनवेडी
@निफाडचा_बागवान दादा, तुम्हाला कोण भांडवलदार म्हणेल! उलट २०१० आठवा. सीसीसी या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाचा रेसिड्यू (उरलेला अंश) सापडला म्हणून युरोपने आपली द्राक्षं नाकारली आणि मार कोणी खाल्ला, बागायतदारांनी. त्यानंतर रेसिड्यूची तपासणी किती कडक झाली ते तुम्हीच सांगाल. म्हणजे तिकडच्या गिऱ्हाईकाच्या पोटात काय जातं ते लॅबमध्ये मोजलं जातं, पण इथे फवारणी करणाऱ्या मजुराच्या पोटात काय जातं ते कोणती लॅब मोजते? जिथे पैसा अडकलाय तिथेच तपासणी.

मार्क्सने १८६७ मध्ये जवळपास हेच लिहिलंय, की भांडवली शेती मजुराला आणि मातीला दोघांनाही एकदमच पिळते. धान्य शहरात जातं, मातीतलं सत्त्व परत येत नाही, त्या काळी इंग्लंड त्यासाठी पेरूहून पक्ष्यांच्या विष्ठेचं खत बोटीने आणत होतं. त्यामुळे पर्यावरण हे डाव्यांनी अलीकडे उचललेलं फॅड आहे असं कोणी म्हणालं तर हसायचं.

आता अरल. इथे डाव्यांनी खरंच टाळाटाळ करू नये. कापसाचं टार्गेट मॉस्कोहून यायचं, नद्यांचं पाणी कापसाकडे वळवलं, आणि काठावरच्या मच्छीमाराला नाही म्हणायची सोय नव्हती. म्हणजे सरकारी मालकी झाली की काम झालं असं नाही, निर्णय कोण घेतं हे बघावं लागतं. गडचिरोलीत मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क (जंगलावर गावाचा हक्क) मिळाला, तिथे बांबू कधी आणि किती तोडायचा ते ग्रामसभा ठरवते. मला त्यात जास्त डावेपण दिसतं. आणि आपल्याकडेच बघा ना, २०१८ चा शेतकऱ्यांचा लाँग मार्च नाशिकच्या सीबीएस चौकातून निघाला, त्यात पेठ-सुरगाण्याच्या लोकांची कर्जमाफीबरोबर वनहक्काची मागणी होती, नार-पार नद्यांचं पाणी गुजरातला देऊ नका ही पण होती. त्यांना कोणी पर्यावरणवादी म्हटलं नाही, कारण टी-शर्टवर झाड नव्हतं, हातात लाल झेंडा होता.

कॉलेजरोड_०७
मॉन्ट्रियल करार १९८७. ओझोनचा प्रश्न भांडवलशाहीतच सुटला ना? नियम करा, पाळायला लावा, झालं. क्रांती कशाला?

वाचनवेडी
नियम पाहिजेतच, कोण नाही म्हणतंय. पण तिथे ओझोन खाणाऱ्या गॅसला पर्यायी गॅस मिळत होते आणि तेच मोठे उत्पादक ते विकणार होते. कोळसा-तेलात एवढा पैसा गुंतलाय की तसं सहज होत नाही. आणि कार्बन फूटप्रिंट, म्हणजे एकेका माणसामुळे किती कार्बन हवेत जातो ते मोजायचं, हा प्रकार घराघरात पोचवला कोणी, बीपी या तेल कंपनीने, २००० नंतरच्या जाहिरातींतून. तुम्ही पंखा बंद करा, आम्ही विहिरी खोदतो.

निफाडचा_बागवान
मजुराच्या फवारणीचं म्हणणं मान्य. पण भाव आम्ही ठरवत नाही, त्याला मास्क-सूट द्यायचा तर पैसे कुठून काढू तेही सांगा. व्यापारी एक रुपया वाढवून देत नाही.

सेकंडशिफ्ट_सातपूर
दादा, तेच तर. तुमच्या आणि मजुराच्या मध्ये भांडण लागतं आणि मधला मजेत.

गोदाकाठचा_पोऱ्या
बरं, तपोवनातली १८०० च्या आसपास झाडं कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी तोडायचा विषय निघाला तेव्हा आमचा अख्खा ग्रुप गेला होता, तेव्हा कोणाला राजकारण वाटलं नाही. कंपनीच्या पाइपाबद्दल बोललो की लगेच ग्रुपवर राजकारण नको. हातमोजे आम्ही आमच्या पैशाने आणू शकतो, तेवढी काय किंमत नाही. पण विचारायचं काय आणि कोणाला?

सेकंडशिफ्ट_सातपूर
सांडपाणी सोडणाऱ्या कंपनीला प्रदूषण मंडळाची संमती घ्यावी लागते, त्या कागदात रोज किती सांडपाणी, ट्रीट करून कुठे सोडायचं ते लिहिलेलं असतं. माहिती अधिकारात मागव. आधी बॅनरवाल्याचीच मागव. मंडळाचं ऑफिस सातपूरला उद्योग भवनात आहे, अर्जाला दहा रुपये. पोच घ्यायला विसरू नको.

गोदाकाठचा_पोऱ्या
अर्ज माझ्या एकट्याच्या नावाने टाकू की चार-पाच जणांनी वेगवेगळे टाकायचे?

सेकंडशिफ्ट_सातपूर
वेगवेगळे. आणि मी कामाला आहे, माझं नाव टाकू नको.